लाल मातीचा शेवटचा डबा

समिती साडेदहाला यायची होती आणि चाळणीबाई आठलाच प्रयोगशाळेत हजर होती. सूड घ्यायला निघालेलं माणूस आतून धुमसत असेल, त्याचे हात थरथरत असतील, असं कुणाला वाटत असेल तर त्याने त्या सकाळी हिला बघायला हवं होतं. झोप छान झाली होती. घरून पोटभर खाऊन निघाली होती. ‘आज एवढी खुशीत का?’ असं नवऱ्याने विचारलं तेव्हा ‘काही नाही, पाहुणे येणार आहेत’ एवढंच सांगून तिने चपला पायात सरकवल्या होत्या. आता ती टेबल पुसत होती, चाळण्या आरशासारख्या घासून ठेवत होती आणि मधूनच गुणगुणतही होती.

चाळणीबाई हे नाव तिला तिथल्या लोकांनी ठेवलेलं. नऊ वर्षं तिचं काम एकच. मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराची मातीची वाळलेली ढेकळं चाळणीत ठेवायची, चाळणी पाण्याखाली दहा मिनिटं वरखाली करायची आणि किती ढेकळं शाबूत राहिली ते वाळवून, तोलून लिहायचं. ढेकूळ टिकलं तर त्या जमिनीत पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते. विरघळलं तर पहिल्या सरीलाच माती वाहून जाते. काम कंटाळवाणं होतं आणि त्यामुळेच ते दुसऱ्या कुणाला नको होतं. विभागप्रमुख साहेबांना तर मातीचे हात मुळीच सोसत नसत. ते दारातूनच विचारायचे, ‘झाले का आकडे?’ आणि कागद घेऊन जायचे.

याच साहेबांनी सतरा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना खोटारडं ठरवून इथून हाकललं होतं. साहेबांना तिचं लग्नानंतरचं नाव तेवढं ठाऊक होतं. ही कुणाची कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

बाबा इथे मदतनीस होते. बाटल्या धुवायला म्हणून लागले आणि बघता बघता निम्म्या प्रयोगशाळेचं काम त्यांच्या अंगावर येऊन पडलं. इमारतीच्या मागे तेव्हा लाल मातीचा एक तुकडा होता. त्याच्या अर्ध्या भागात वीस वर्षं कुजलेला पाला नि शेणखत पडत आलं होतं, उरलेला अर्धा तसाच उपाशी. खताकडची ढेकळं पाण्यात टिकत, उपाशी बाजूची विरघळत. इथवर सगळ्यांनाच माहीत होतं. बाबांना प्रश्न पडला तो पुढचा. एवढंच खत शेजारच्या पांढुरक्या मातीत घातलं तर तिची ढेकळं का टिकत नाहीत? कुणी सांगितलं नव्हतं, तरी सुट्टीच्या दिवशीही ते येऊन बसायला लागले. लाल मातीतलं लोखंड औषधाने काढून टाकलं नि खताचा अंश तसाच ठेवला, तर ढेकूळ गेलं. मग उलट केलं, खताचा अंश काढला नि लोखंड ठेवलं, तरी गेलं. दोन्ही जागेवर असतील तरच शंभर भागांतले ऐंशी शाबूत.

जेवताना ते हे घरच्यांना समजावून सांगत. मातीचा बारीक कण आणि कुजलेला पाला हे दोन रुसलेले भाऊ, एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. लोखंड ही त्यांची थोरली बहीण आणि ॲल्युमिनियम तिच्या पाठची. त्यांचा एक हात या भावाच्या हातात, दुसरा त्याच्या. बहिणी उठून गेल्या की घर फुटलंच. आई म्हणायची, ‘पुरे तुमचं ते बहिणीपुराण, ताटातलं गार होतंय.’

मग साहेब आले. तेव्हा तरुण होते, बाहेरून शिकून आलेले, आणि आल्या आल्या काहीतरी करून दाखवायची घाई झालेले. बाटल्या धुणाऱ्या माणसाने एवढं मोठं काही शोधावं हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी दार लावून घेतलं आणि तीन दिवस स्वतः चाळलं. ऐंशीच्या जागी आले एकोणीस. बाबा दाराबाहेर उभे होते. ‘मी कसं करतो ते एकदा विचारा तरी,’ असं त्यांनी तिन्ही दिवस सांगितलं. साहेबांनी विचारलं नाही. अहवालात मात्र लिहिलं, ‘सदर मदतनिसाने आकडे मनाने भरले आहेत.’

त्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले. ती तेव्हा कॉलेजात होती. जिन्यात भेटणाऱ्या शेजारणी आईला विचारायच्या, ‘म्हणजे नेमकं काय केलं हो त्यांनी?’ आणि उत्तरासाठी न थांबता खाली उतरायच्या. बाबांना कुठल्याच प्रयोगशाळेने पुन्हा दारात उभं केलं नाही. खिळे-स्क्रूच्या दुकानात ते तागडीमागे उभे राहिले. दोन वर्षांनी आई गेली. जायच्या आठवडाभर आधी तिने बाबांना हळूच विचारलं होतं, ‘तुम्ही खरंच नाही ना केलं तसं?’ ‘नाही गं,’ बाबा म्हणाले होते. शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या मुलीने ते ऐकलं. नोकरी गेली, अब्रू गेली, ते सगळं तिने एक वेळ गिळून टाकलं असतं. पण आईला तो प्रश्न विचारावा लागला, याची किंमत साहेबांकडून वसूल करायची असं तिने त्याच खोलीत ठरवलं.

तिने त्याच संस्थेत नोकरी धरली तेव्हा बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी तिच्या घरी आले, खिशातून चार ढेकळं काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘करणारच आहेस तर नीट कर.’ त्यांनी दोन ढेकळं वाटीत टाकून वरून पाणी ओतलं. बारीक बुडबुडे आले आणि ढेकळं भुसभुशीत होऊन बसली.

‘त्याने हेच केलं असणार. वाळलेल्या ढेकळात हवा असते. पाणी एकदम चहूबाजूंनी घुसलं की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ती आतून फोडून निघते. लोखंड असो, खत असो, कुणाचं काही चालत नाही.’

उरलेली दोन त्यांनी ताटलीतल्या ओल्या टीपकागदावर ठेवली. ‘खालून पिऊ दे. घाई करायची नाही. अंगभर गडद झालं की मगच पाण्यात घालायचं.’

‘हे तुम्ही कुठे लिहून का नाही ठेवलंत?’

‘कच्च्या वहीत होतं. वही त्यांच्याकडेच राहिली. कुणी उघडली नसेल.’

नऊ वर्षं तिने असंच केलं आणि नऊ वर्षं त्या लाल मातीचे आकडे ऐंशीच्या आसपास येत राहिले. साहेबांना वाटलं, ही आपण आणलेल्या नव्या औषधांची करामत. लोखंड, ॲल्युमिनियम आणि कुजलेला पाला यांची ती बहीणभावंडं त्यांनी चांगल्या भारी शब्दांत मांडली आणि स्वतःच्या नावावर छापली. छापण्याआधी लेख तिच्याकडे आला होता, फक्त आकडे ताडून बघायला. कृतीच्या भागात एक ओळ होती, ‘ढेकळे पाण्यात भिजवून दहा मिनिटे चाळावीत.’ कशी भिजवून, काही नाही. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि लेख ‘बरोबर आहे साहेब’ म्हणून परत दिला.

पुढचं साहेबांनी आपल्या हातांनीच केलं. तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी इथूनच मागवलेल्या मातीवर त्यांची कृती करून पाहिली आणि तिघांच्याही चाळणीत चिखल उरला. अशा नव्या कृतींना मान्यता देणाऱ्या समितीच्या अध्यक्ष बाईंनी पत्रं लिहून तीनदा विचारलं, ‘आपण भिजवता कसे?’ ज्या खोलीत याचं उत्तर बसलं होतं ती साहेबांपासून वीस पावलांवर होती. पण ज्या माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं, त्याला वीस पावलं फार लांब पडतात. त्यांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं, ‘लिहिल्याप्रमाणे करावे. हात सराईत हवेत.’

तेव्हा समितीच यायला निघाली. समोर करून दाखवलं तर ही कृती सगळीकडे साहेबांच्या नावाने चालणार होती आणि संचालकांची खुर्चीही त्यांच्याकडे येणार होती. नाही जमलं तर तो शोधच खोटा म्हणून काढून टाकणार होते. म्हणजे बाबांचाही. हे चाळणीबाईला पक्कं ठाऊक होतं. मागच्या त्या लाल तुकड्यावर आता फरशी घालून गाड्या उभ्या करत होते. खताच्या बाजूची माती एका पत्र्याच्या डब्यात उरली होती, दोन चाळण्यांपुरती. साहेबांना बुडवायला त्यातली एक लागणार होती. उरलेल्या एका चाळणीवर बाबांचा सगळा खरेपणा.

साडेदहाला मंडळी आली. अध्यक्ष बाई सत्तरीच्या, काठी टेकत आणि कापडी बूट घालून. त्यांच्याबरोबर एक उंच सदस्य, सारखा घड्याळ बघणारा. साहेब नव्या शर्टात होते. त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं आणि शेवटी हात पसरून म्हणाले, ‘आता आमच्या बाई करून दाखवतील.’

चाळणीबाईने डब्यातली अर्धी ढेकळं चाळणीत पसरली. मग साहेबांचा छापील लेख उचलला, ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि तांब्याभर पाणी वरून ओतलं.

फार आवाज झाला नाही. बुडबुडे उठले, ढेकळांच्या कडा सुटल्या, पाणी लाल झालं. दहा मिनिटांनी तिने चाळणी वर काढली तेव्हा वाळवून तोलायची गरजच उरली नव्हती. तळाशी चमचाभर रेती चिकटली होती.

‘हे काय केलंत?’ साहेब म्हणाले.

‘लिहिलंय तसं केलं साहेब.’

साहेबांच्या कपाळावर घाम आला. ते समितीकडे वळून हसायला गेले, ते जमलं नाही. ‘बाई आज गोंधळल्यात. पाहुण्यांची सवय नाही त्यांना.’ उंच सदस्याने वही मिटली. ती मिटलेली वही बघून साहेबांचा धीर सुटला. ‘खरं सांगायचं तर मलाच आता शंका यायला लागली आहे. हे आकडे यांनी इतकी वर्षं मनाने भरलेले असावेत.’

ते आपल्यावर ढकलतील हे तिने धरलंच होतं. पण शब्दसुद्धा तेच निघतील असं तिला वाटलं नव्हतं. सकाळपासूनचा तिचा सगळा थंडपणा क्षणात उतरला. हातातली ओली चाळणी त्या नव्या शर्टावर फेकून मारावी असं तिला वाटलं. तिने ती टेबलावर ठेवली.

‘साहेब,’ अध्यक्ष बाई म्हणाल्या, ‘तुम्ही स्वतःच्या हाताने कधी चाळलं आहे?’

‘पूर्वी. एकदा.’

‘किती आले होते?’

साहेब आठवल्यासारखं करत राहिले.

‘एकोणीस,’ चाळणीबाई म्हणाली.

साहेबांनी वळून पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असेल तर ते आत्ताच.

‘डब्यात अजून माती आहे?’ अध्यक्ष बाईंनी विचारलं.

‘एका चाळणीपुरती.’

‘मग तुम्ही रोज करता तशी करा.’

चाळणीबाई स्टुलावर बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. ‘करते की. आधी साहेबांनी मला विचारावं, कसं करता म्हणून.’

साहेबांनी विचारलं नसतं तर डबा तसाच राहिला असता, समिती उठून गेली असती आणि बाबा दुसऱ्यांदा खोटे ठरले असते, या वेळी मुलीच्या हातून. हे तिला कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला बाबांची, मातीची, कशाचीच फिकीर नव्हती. समोरचा माणूस बुडत होता आणि ते बघताना तिला फार बरं वाटत होतं.

‘कसं करता तुम्ही?’ साहेब म्हणाले.

‘ऐकू नाही आलं साहेब.’

‘कसं करता?’

‘सतरा वर्षांपूर्वी या दाराबाहेर एक मदतनीस तीन दिवस उभा होता. हे त्याला विचारायचं होतं तुम्ही. मी त्याची मुलगी.’ तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. ‘अहवालात त्याच्याबद्दल काय लिहिलं होतंत तेही सांगा यांना. मग मी चाळणीला हात लावीन.’

साहेबांनी दाराकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून त्यांनी ते वाक्य म्हटलं. अध्यक्ष बाई लिहून घेत होत्या. ‘जरा सावकाश,’ त्या म्हणाल्या, ‘आता हात पूर्वीसारखा चालत नाही माझा.’ साहेबांना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, एकेक शब्द सुटा करून.

मग चाळणीबाई उठली. ताटलीत टीपकागद अंथरला, कडेने पाणी सोडलं, वर उरलेली ढेकळं मांडली. एवढीच होती, यानंतर जगात कुठे नव्हती. पंचवीस मिनिटं सगळे उभ्याने बघत राहिले. ढेकळांच्या बुडाशी ओल आली, हळूहळू वर चढली, माथ्यावरचा शेवटचा फिका ठिपकाही गडद झाला. उंच सदस्याने त्या वेळात एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तिने ती चाळणीत घेतली आणि पाण्याखाली धरली. दहा मिनिटांनी वर काढली तेव्हा पाणी जेमतेम गढूळ होतं आणि ढेकळं जशीच्या तशी बसली होती. अध्यक्ष बाईंनी एक उचलून चिमटीत दाबून पाहिलं. ‘हेच तीनदा विचारत होते हो मी,’ त्या साहेबांना म्हणाल्या आणि पुढे त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

महिन्याभरात साहेब रजेवर गेले आणि त्यांच्या खोलीला कुलूप लागलं. समितीचं पत्र बाबांच्या पत्त्यावर आलं. त्यांचे आकडे खरे होते, अहवालातलं ते वाक्य रद्द केलं आहे, कृती यापुढे त्यांच्या नावाने ओळखली जाईल, असं त्यात होतं. त्या दिवशी झालेल्या सगळ्याचं टिपणही सोबत जोडलं होतं.

संध्याकाळी ती गेली तेव्हा बाबा दुकानातून नुकतेच आले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग टिपण वाचलं, आणि एका जागी बोट ठेवून थांबले.

‘पहिली चाळणी तू वरून भिजवलीस?’

‘हो.’

‘फुटणार हे माहीत असून?’

‘त्यांनी लिहिलं होतं तसंच केलं मी.’

‘मी काय विचारतोय?’

‘हो. माहीत असून.’

बाबांनी चष्मा काढला. ‘आपल्या घरातल्या माणसाने आकडे मनाने भरले असं सतरा वर्षं लोक म्हणाले आणि ते खोटं होतं. पहिल्यांदा कुणी मुद्दाम चुकीचा निकाल दाखवला असेल तर तो तू दाखवलास. आणि तोही त्या मातीचा. अर्धा डबा घालवलास. उरलेली टिकली नसती तर?’

‘पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन,’ ती म्हणाली. ते मात्र खरं होतं. शरम वाटत होती, तरीही खरं होतं.

बाबा उठून मोरीत गेले. हातपाय धुतले, बराच वेळ धुतले. परत येऊन खुर्चीत बसले, पत्राची घडी केली, मोडली, पुन्हा केली. तिने पिशवी उचलली.

‘बस,’ ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, ‘तोंड कसं झालं होतं त्याचं?’

‘कधी?’

‘पाणी लाल झालं तेव्हा. नाही, थांब. आधीपासून सांग. आत आले तिथून.’

तिने सांगायला घेतलं. नवा शर्ट, वीस मिनिटांचं भाषण, पसरलेले हात. बाबा मान खाली घालून ऐकत होते. ‘कसं करता तुम्ही’ पाशी ती आली तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

‘ते परत सांग,’ ते म्हणाले.

तिने परत सांगितलं.

‘आणि तू म्हणालीस, ऐकू नाही आलं?’

‘हो.’

बाबांनी डोळे मिटून घेतले. ‘परत सांग,’ ते म्हणाले, ‘जरा सावकाश.’